शिडाच्या बोटीवरची उपकरणं: आधी हात पोचवा, मग वायर ओढा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बत्तीस फुटी, जुनी शिडाची बोट घेतली आहे. कॉकपिटसमोरच्या बल्कहेडवर, म्हणजे केबिनच्या आडव्या भिंतीवर, खोली आणि वेग दाखवणारे दोन जुने डिस्प्ले आहेत आणि खोलीचा मधूनच बंद पडतो. डोलकाठीच्या टोकावर वाऱ्याचं यंत्र फिरताना दिसतं, पण खाली आकडा येत नाही. आता वारा, खोली, वेग यांचे नवे डिस्प्ले आणि एक चार्टप्लॉटर (पडद्यावर सागरी नकाशा आणि बोटीची जागा दाखवणारं उपकरण) बसवायचा आहे. तर या उपकरणांच्या मागे पोचायचं कसं, जुन्याच वायरींना नवी उपकरणं जोडली तर चालतील का, आणि डोलकाठीतून केबल कशी न्यायची?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे आणि तुम्ही तो पहिल्यांदा विचारलात याचा मला खरंच आनंद झाला. खारी हवा, ओल आणि सततचे हादरे यांच्यापुढे बोटीवरचा कुठलाच जोड जन्मभर टिकत नाही. तो सुटेल त्या दिवशी तुमचा हात तिथवर पोचला पाहिजे. माझ्या स्वतःच्या पहिल्या बोटीत आधीच्या कारागिराने डिस्प्लेच्या मागची फळी चिकटवून टाकली होती. संध्याकाळी उथळ खाडीत शिरताना खोलीचा आकडा गेला. बिघाड फळीपलीकडे, माझ्या हातापासून चार बोटांवर होता हे मला पक्कं माहीत होतं आणि मी काहीही करू शकत नव्हतो. दोरीला वजन बांधून, पाणी मोजत मोजत आत आलो. दुसऱ्या दिवशी फळी फोडली तेव्हा निघालं काय, तर ढिला झालेला एक लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी. तेव्हापासून मी कुठलंही उपकरण बसवताना आधी त्याच्या मागचा रस्ता ठरवतो.

आता तुमच्या बोटीकडे या. कॉकपिटच्या बाजूने, केबिनच्या दारापासून डिस्प्लेपर्यंतचं अंतर मोजा आणि तेच अंतर केबिनच्या आतून मोजा. बहुतेक वेळा त्या जागी पातळ प्लायवूडचं झाकण, छताचं व्हिनाइल किंवा एखादं कपाट असतं. व्हिनाइलला चेन असेल तर काम सोपं. नसेल तर ते कडेच्या लाकडी पट्टीखाली दाबलेलं असतं, म्हणून व्हिनाइल ओढू नका, पट्टी काढा. पट्टीवर स्क्रू दिसत नसले तरी असतात, त्यांच्या डोक्यांवर लाकडाच्या गोल गुटख्या ठोकलेल्या असतात. टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका, लाकडाच्या रेषा जिथे एकदम तुटतात तिथे गुटखी. तिच्या मधोमध बारीक भोक पाडा आणि त्यात एक लाकडाचा स्क्रू पिळत जा. त्याचं टोक खालच्या स्क्रूच्या डोक्याला टेकलं की पुढे जायला जागा उरत नाही आणि गुटखी स्वतःच वर उचलली जाते. पट्टीला ओरखडाही येत नाही.

फट सापडली पण डोकं आत जात नसेल तर फोन आत घालून व्हिडिओ घ्या. मी एंडोस्कोप कॅमेरा वापरतो, पण निम्म्या वेळा फोनवर काम भागतं. आणि कुठूनच रस्ता नसेल तर रस्ता करा. पंधरा-वीस सेंटीमीटरचं गोल, आटे असलेलं झाकण मिळतं, त्यातून मनगटासकट हात जातो. कापण्याआधी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा, मधोमध बारीक भोक पाडा, त्यात काटकोनात वाकवलेली तार घाला आणि ती गोल फिरवून पाहा. तार कुठे अडली तर पलीकडे वायर, पाइप किंवा लाकूड आहे, जागा बदला. झाकण कपाटाच्या आत येईल असं बघा म्हणजे डोळ्याला खुपणार नाही. खुपलं तरी मी ते करीनच.

जुना डिस्प्ले सीलंटने घट्ट बसला असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, तडकतो. मासेमारीची नायलॉनची दोरी मागून-पुढून करवतीसारखी ओढत सीलंट कापा. नवं उपकरण बसवताना मात्र सोबत आलेली रबराची गॅस्केटच पुरे. पॉलियुरेथेनच्या सीलंटने चिकटवलेलं उपकरण पुढे काढताना हमखास मोडतं. बऱ्याच उपकरणांच्या पाठीला हवा खेळण्यासाठी एक सूक्ष्म छिद्र असतं. ते सिलिकॉनने बुजवलं की काचेच्या आत वाफ धरलीच. जुनी भोकं गोल आणि नव्या उपकरणांचा आकार वेगळा, अशी अडचण तुम्हाला येईल. त्यावर अॅक्रिलिकची किंवा अॅल्युमिनियमची एक मोठी पट्टी कापून तीन्ही डिस्प्ले तिच्यावर बसवा. बल्कहेड सँडविच पद्धतीचं असेल, म्हणजे दोन फायबरच्या थरांत बाल्सा किंवा फोम, तर प्रत्येक भोकाच्या कडेचा गाभा बोटभर खरवडून तिथे इपॉक्सी भरा. न भरता सोडलेल्या भोकातून पाणी गाभ्यात शिरतं आणि काही वर्षांनी उपकरणाऐवजी बल्कहेडच दुरुस्त करावं लागतं.

केबल कापताना मागे हातभर जास्तीची ठेवा. डिस्प्ले पुढून काढून मांडीवर घेता आला पाहिजे, तोही वायर न सोडता. आणि प्रत्येक केबल जोडाकडे येण्याआधी खाली लोंबून मग वर चढली पाहिजे. केबलवरून ओघळणारं पाणी त्या सर्वांत खालच्या वळणावर टपकून जातं, जोडात शिरत नाही.

प्लॉटर सुकाणूच्या चक्रासमोर बसवायचा विचार असेल तर केबल तिथल्या स्टीलच्या नळीतून जातील. नळीच्या खाली, खांबाच्या आत सुकाणूची साखळी आणि तार फिरत असते. केबल बांधून झाल्यावर चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि कुणाला तरी खाली टॉर्च धरून बघायला सांगा. साखळीत अडकलेली केबल उपकरण तर घालवतेच, पण नको त्या क्षणी सुकाणूही धरून ठेवू शकते.

होकायंत्राचंही तिथेच बघा. भोक पाडण्याआधी उपकरण चिकटपट्टीने जागेवर लावा, चालू करा, बंद करा, आणि सुई हलते का ते पाहा. पुस्तिकेत होकायंत्रापासूनचं सुरक्षित अंतर दिलेलं असतं. व्हीएचएफ रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक सगळ्यात जास्त त्रास देतं. होकायंत्राजवळून जाणाऱ्या धन आणि ऋण वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात. ऑटोपायलटचा दिशा-सेन्सरही याच नियमाने लोखंड, इंजिन आणि जाड वायरी यांच्यापासून लांब.

दुसरा प्रश्न, जुन्या वायरी. वीजपुरवठ्याची जुनी वायर ठेवायची की नाही हे वायरच सांगते. टोकाचं आवरण बोटभर सोला. तांबं काळं दिसलं तर तेवढा तुकडा कापून पुन्हा सोला. पुन्हा काळं, पुन्हा कापा. एकदा मी असा वीतभर, मग हातभर, मग जवळजवळ मीटरभर कापत गेलो तरी आतलं तांबं काळंच होतं, नखाने घासलं तर भुगा पडत होता. खारं पाणी आवरणाखाली तारांच्या फटींतून वर चढत जातं. अशा वायरीवर कितीही चांगला जोड करा, तो धरत नाही. बोटीवर वायर बारीक तारांची आणि कल्हई केलेल्या तांब्याचीच हवी. एकाच जाड तारेची घरगुती वायर हादऱ्यांनी मोडते.

खोलीचा डिस्प्ले मधूनच बंद पडतो म्हणालात. तो व्हीएचएफवर बोलायला बटण दाबलं की पडतो का, एवढं बघा. पंचवीस वॉटवर प्रसारण करताना रेडिओ ५ ते ६ अँपिअर ओढतो. दोघांची ऋण वायर एक असेल आणि तिच्या जोडात हिरवी पूड साचून जेमतेम ०.३ ओहमचा अडथळा तयार झाला असेल, तर तिथेच दीड व्होल्ट जातो आणि डिस्प्ले मान टाकतो. हा बिघाड ओहम मोजून सापडत नाही. शेकडा तारांपैकी एक शाबूत असली तरी मीटर शून्याच्या आसपासच दाखवतो. भार चालू ठेवून व्होल्ट मोजा: मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरं उपकरणाच्या ऋण वायरीवर, आणि कुणाला तरी रेडिओचं बटण दाबायला सांगा. व्होल्टचा एक-दोन दशांश ठीक. त्याहून जास्त आला तर एकेक जोड पुढे सरकत जा, उडी जिथे दिसेल तिथे दोष. पॅनेलमागचे निम्मे ‘उपकरण खराब झालं’ असे निदान या एका चाचणीने खोटे ठरतात, म्हणून नवं काही विकत घेण्याआधी ती करा.

नव्या वायरीची जाडी ठरवताना लांबी जाऊन-येऊन धरा. रेडिओ पॅनेलपासून ६ मीटरवर असेल तर हिशेबात १२ मीटर. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्यात ५ अँपिअरला सुमारे ०.४२ व्होल्ट जातो, म्हणजे १२ व्होल्टच्या साडेतीन टक्के. चार चौरस मिलिमीटर घेतली तर ०.२६ व्होल्ट, दोन टक्क्यांच्या जरा वर. अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात महत्त्वाच्या उपकरणांसाठी ३ टक्के ही मर्यादा आहे आणि मी रेडिओ, दिवे, प्लॉटर यांना तीच लावतो. फ्यूज वायरीच्या ताकदीप्रमाणे आणि पुरवठ्याच्या टोकाला. शिवाय प्रत्येक उपकरणाला त्याच्या पुस्तिकेत सांगितलेला छोटा फ्यूज वेगळा. ऑटोपायलटला स्वतःचा स्विच आणि स्वतःची जाड वायर द्या, तो डिस्प्लेंच्या रांगेत बसणारा नाही.

जोड क्रिंप करा, म्हणजे धातूची नळी वायरीवर दाबून बसवा, तेही रॅचेट असलेल्या पकडीने. साधी पकड हाताच्या जोरावर चालते आणि दिवसाच्या शेवटी जोर कमी होतो. रॅचेटची पकड पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही. मग जोड हाताने खेचून बघा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी तापवा, कडेने गोंदाचा थेंब डोकावेपर्यंत. फक्त सोल्डरवर भिस्त ठेवू नका. सोल्डर तारांमधून वर चढतं, तिथे वायर काडीसारखी ताठ होते आणि ताठ भाग जिथे संपतो तिथेच हादऱ्याने तुटते. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड दिसला की कापूनच टाका.

एक अपवाद कडक आहे. खोलीच्या ट्रान्सड्यूसरची, म्हणजे तळाशी बसून पाण्यात आवाज सोडणाऱ्या आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या सेन्सरची, केबल कापू किंवा जोडू नका. तिच्यातून येणारा प्रतिध्वनीचा संकेत फार क्षीण असतो आणि प्रत्येक जोड त्यात खरखर मिसळतो. जास्तीची केबल गुंडाळून ठेवा, अँटेनाच्या केबलीपासून आणि अल्टरनेटरच्या वायरीपासून दूर. नवा डिस्प्ले जुन्या ट्रान्सड्यूसरवर चालेलच असं नाही, आधी उत्पादकाच्या यादीत जुळणी पाहा. नवा बसवावा लागला आणि बोटीचा तळ भरीव फायबरचा असेल, तर तळाला भोक न पाडता आतून इपॉक्सीत बसवायचा ट्रान्सड्यूसर मिळतो. सँडविच तळातून मात्र त्याचा आवाज पार जात नाही. तळातून बाहेर डोकावणारं वेग मोजायचं चाक बोट पाण्यात असताना काढायची वेळ आली तर बूच दुसऱ्या हातात तयार ठेवूनच काढा. पाण्याचा फवारा घाबरवणारा असतो, पण बूच लागेपर्यंत येतं ते बादली-दीड बादली.

आता उपकरणं एकमेकांशी बोलणार कशी. तुमची जुनी उपकरणं बहुधा एनएमईए ०१८३ ही बोटीवरच्या उपकरणांची भाषा बोलतात. हे मानक १९८३ सालचं. दोन वायरींवर एक बोलणारा आणि ऐकणारे अनेक, वेग ४८०० बॉड, एआयएससाठी (आसपासच्या जहाजांची जागा कळवणारी यंत्रणा) ३८४००. दोन बोलणारे एकाच जोडीवर लावले की दोघांचंही कळत नाही, त्यासाठी मधे मल्टिप्लेक्सर, म्हणजे दोघांचं बोलणं एका ओळीत आणणारा डबा, लागतो. जोडणी अडली तर आधी बॉडचा वेग आणि ए-बी वायरींची अदलाबदल तपासा.

नवं सगळं एनएमईए २००० या नव्या मानकावर घ्या, असं मी स्पष्ट सांगेन. मधोमध एक कणा, त्यावर टी-जोड, प्रत्येक टी-मधून एका उपकरणाला फांदी. फांदी ६ मीटरपेक्षा लांब नको. कण्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारे रोधक, दोनच. वीज एकाच ठिकाणी, शक्यतो मध्यावर, फ्यूजमधून. कण्याला वर्तुळ करू नका. आणि कणा अशा जागी ठेवा की सगळे टी एका झाकणामागे ओळीने दिसतील. एक टी रिकामा सोडा, पुढच्या उपकरणासाठी.

या जाळ्याची तब्येत मल्टिमीटरवर अर्ध्या मिनिटात कळते. वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या वायरींमधला रोध मोजा. साधारण ६० ओहम आला तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत. १२० आला तर एक गायब किंवा कणा कुठेतरी तुटलाय. ४० आला तर कुणीतरी तिसरा लावलाय. वीज चालू करून लाल-काळ्यामध्ये व्होल्ट बघा, अगदी शेवटच्या उपकरणापाशीही ९ च्या खाली जाता कामा नयेत.

डोलकाठी. वाऱ्याचा आकडा येत नाही याचं कारण टोकावर असण्यापेक्षा डोलकाठीच्या पायथ्याच्या जोडात असण्याचा संभव जास्त. तो प्लग उघडा, पिना हिरव्या असतील तर दोष सापडला. डोलकाठी किलपर्यंत, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्यापर्यंत, जाणारी असेल तर हा जोड बिल्जच्या (तळाशी साचणाऱ्या) पाण्याच्या वर, कोरड्या डब्यात आणा. डेकवर उभी असेल तर केबल डेकमधून ग्लँडने, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या जलरोधक बुचाने, आत घ्या आणि जोड आतल्या छतापाशी करा. डेकवरचे प्लग-सॉकेट मला कधीच पटलेले नाहीत, त्यांच्यावर लाटा फुटतात आणि पायही पडतात.

केबल बदलायचीच ठरली तर जुनी ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला ओढदोरी बांधा. मी सुरुवातीला एकदा हे विसरलो आणि पूर्ण दिवस डोलकाठीत साखळी सोडण्यात घालवला. सांधा जाड होऊ देऊ नका, तारा कमी-जास्त लांबीवर कापून टेपने निमुळता करा. केबल ओढताना आतल्या हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायच्या दोऱ्या, ताणून ठेवा, नाहीतर दोरी त्यांच्याभोवती वेढे घेते. टोकावर चढणाऱ्याला दुसऱ्या हॅलयार्डचा आधार हवाच. प्लग भोकातून जात नसेल तर हाताने बसवता येणारा प्लग घ्या आणि केबल उघडी ओढा. ओढदोरी नसेलच तर वरून बारीक स्टीलची साखळी सोडा आणि खाली चुंबकाने पकडा. वर पोचल्यावर केबलचं वजन प्लगवर येऊ देऊ नका, डोलकाठीच्या टोकाशी तिला वेगळं बांधा. आत नळी नसेल आणि डोलकाठी खाली उतरवली असेल, तर दर मीटरला तीन केबल-टाय तीन दिशांना शेपट्या न कापता बांधा. त्या मिशांमुळे केबल मध्यभागी राहते आणि नांगरावर रात्रभर टकटक ऐकू येत नाही.

एनएमईए २००० चं वाऱ्याचं यंत्र घेतलं तर एक गोष्ट लक्षात घ्या. डोलकाठीची लांबी ६ मीटरच्या फांदीत बसत नाही. म्हणून डोलकाठीतली केबल कण्याचाच भाग करा आणि तिथला टर्मिनेटर वर, यंत्राच्या लगत, केबलमध्येच बसणारा लावा. त्याच फेरीत व्हीएचएफची केबलही तपासा. आरजी-५८ सारखी बारीक केबल वीस मीटरमध्ये निम्म्याहून जास्त शक्ती गिळते. आरजी-२१३ जाड आणि जड आहे, पण आवाज लांब जातो. एआयएस त्याच अँटेनावर चालवणार असाल तर तिथेही हाच फरक पडेल.

सगळं जोडून झालं की धक्क्यालाच इंजिन सुरू करून बघा. स्टार्टर फिरताना प्लॉटर बंद पडला तर उपकरणं इंजिनाच्या बॅटरीवरून काढून दुसऱ्या बॅटरीवर घ्या. रेडिओचं बटण दाबून आकडे उड्या मारतात का पाहा. खोलीच्या डिस्प्लेत ट्रान्सड्यूसर आणि किलच्या तळातलं अंतर वजा म्हणून भरा, म्हणजे आकडा किलखालच्या पाण्याचा येईल, आणि वजनाच्या दोरीने एकदा ताडून घ्या. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नाव लावा. शेवटी जोडणीची आकृती एका कागदावर काढा, वायरींचे रंग आणि फ्यूजचे आकडे लिहा, कागद प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि तुम्ही केलेल्या त्या झाकणाच्या आतल्या बाजूला चार स्क्रूंनी लावा.